स्पीच थेरपीत नुसती भातुकली? (पावणेतीन वर्षं, मोजके शब्द)

कुंपणावरची

मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. कानांची तपासणी झाली आहे, ऐकू व्यवस्थित येतं. "बूट आण", "बाबाला दे" असं सांगितलेलं कळतं. स्वतः बोलताना मात्र मोजके शब्द, आणि दोन शब्द जोडून अजून काहीच नाही. बाकीचा कारभार हात धरून ओढत नेणं, बोट दाखवणं आणि किंचाळणं यावर चालतो.

काही आठवड्यांपूर्वी स्पीच थेरपी सुरू केली. थेरपिस्ट छान आहे, मुलगा तिच्याकडे पळत जातो. पण पाऊण तास चालतं काय, तर बाहुलीला झोपवायचं, बाहुलीला उठवायचं, रिकाम्या वाटीतून अस्वलाला भरवायचं, मग अस्वलाला सर्दी झाली म्हणून त्याचं नाक पुसायचं. बरं, ती स्वतःही फार बोलत नाही! मध्येच गप्प होऊन त्याच्याकडे बघत बसते. मी बाहेरून काचेतून हे सगळं पाहत असते.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, "खेळायलाच न्यायचं तर घरी काय कमी खेळतो?" नवऱ्याचं म्हणणं, फ्लॅशकार्ड घेऊन नीट बसवून शिकवणारं कुणीतरी शोधू. मी नावाला जागून कुंपणावर.

असल्या खोट्या-खोट्या खेळातून खरंच बोलणं येतं का? येत असेल तर ते पुढे सरकतंय की नुसताच वेळ जातोय, हे आईने ओळखायचं कसं? अनुभव सांगा. सल्लेही चालतील, धीर तर फारच चालेल.

रिकामटेकडा

अस्वलाचं नाक पुसायची फी मिळते हे कुणी दहावीतच सांगायला हवं होतं. उगाच इंजिनियर झालो.

निळीशाई

रिकामटेकडा 😂

@कुंपणावरची, आमच्याकडे फ्लॅशकार्डांचा गठ्ठाच होता. लेकीला चित्र दाखवलं की हत्ती, जिराफ, विमान, छत्री, सगळं म्हणायची. पाहुण्यांसमोर आमची कॉलर ताठ. पण तहान लागली की फ्रिजपाशी उभी राहून रडायची. "पाणी" हा शब्द तिला येत होता, चित्रातलं पाणी बघून म्हणायचीही. तो वापरायचा असतो, त्याने माणूस हलतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

कार्डांवर सगळी नावंच असतात. दे, उघड, नको, अजून, संपलं, पडलं, माझं, थांब यांचं चित्र काढणार कसं? आणि मुलाला दिवसभर लागतात ते हेच शब्द. लेकीचं पहिलं कामाचं "उघड" आलं ते एका डब्यात कोंडलेल्या सशासाठी. ससा आत, झाकण घट्ट, बाई ढिम्म. माझ्या मते तुमची थेरपिस्ट बरोबर वाटेवर आहे.

शब्दपेरणी

मी हेच काम करते, तेव्हा माझ्या मताला तेवढी कात्री लावूनच वाचा.

ठोकळा कानाला लावून "हॅलो" म्हणणाऱ्या मुलासमोर असतो ठोकळा आणि मनात असतो फोन. एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करणं त्याला जमलेलं असतं. शब्दाचंही काम तेच, 'पाणी' या आवाजात ओलं असं काही नसतं. बालमानसशास्त्रज्ञ प्याजेने स्वतःच्या मुलीची एक नोंद करून ठेवली आहे. ती १५ महिन्यांची असताना झालरीचं एक फडकं तिला आपल्या उशीसारखं दिसलं. ते धरून, अंगठा तोंडात घालून ती झोपल्याचं सोंग करत आडवी झाली आणि हसत सुटली. हे हसणं मला फार आवडतं. ही उशी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. १९७० च्या दशकात एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा पहिले शब्द आणि रिकाम्या पेल्यातून प्यायल्यासारखे पहिले खोटे-खोटे हावभाव साधारण एकाच सुमारास, पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे दिसले. पुढे लोरेन मॅक्यून यांनी दाखवलं की खेळात दोन कृती जोडणं (आधी ओतणं, मग पाजणं) आणि बोलण्यात दोन शब्द जोडणं यांचाही असाच मेळ असतो.

म्हणून थेरपिस्टला खेळात मूल कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं. ढोबळ क्रम असा: आधी मूल स्वतःच खोटं-खोटं पितं, मग बाहुलीला पाजतं, मग बाहुली "आपणहून" पिते, मग एकापुढे एक कृती येतात (आंघोळ, पुसणं, कपडे, झोप), मग पेला नसला तरी ठोकळा चालतो, पुढे तर हातात काही नसलं तरी चालतं. भूमिका वाटून घेणं, "तू पेशंट, मी डॉक्टर", हे तीनच्या पुढे. कॅरल वेस्टबी यांनी १९८० मध्ये खेळाची आणि भाषेची अशी पायऱ्या-पायऱ्यांची मोजपट्टीच मांडली होती. त्याआधी, १९७६ मध्ये, लो आणि कॉस्टेलो यांची लहान-लहान खेळण्यांची एक चाचणी आली. तिच्यात मुलाने एक शब्दही बोलायची गरज नसते. न बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात प्रतीकं तयार होतायत का, हे त्यातून कळतं. खेळ पुढे आणि बोलणं मागे असेल तर चित्र वेगळं, दोन्ही मागे असतील तर वेगळं.

आता तिच्या गप्प बसण्याबद्दल. ते सगळ्यात अवघड काम आहे हो! अस्वल पाडायचं. "अरे! पडलं." मग पाच-दहा सेकंद गप्प. बघायचं त्याच्याकडे, आशेने, पण डोळे वटारून नाही. तो "पल्लं" म्हणाला, तर "छान, परत बोल" असं अजिबात म्हणायचं नाही. "अस्वल पडलं." झालं. पुढच्या वेळी, "अस्वल धपकन पडलं. लागलं." म्हणजे त्याच्याच बोलण्यात एक शब्द घालून ते त्याला परत द्यायचं. मराठीला हा खेळ अगदी सोयीचा आहे, कारण क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. घोडा पडला, बाहुली पडली, अस्वल पडलं. एकाच पडापडीत तिन्ही रूपं कानावर जातात, आणि मूल हसतं म्हणून ती पुन्हापुन्हा जातात. तसंच "बाळ पाणी" म्हणाला की "बाळाला पाणी हवंय". तो '-ला' कार्डावर कुठे छापणार?

खोडरबर

वाचनखूण साठवली.

तळटीप

थोडा रसभंग करतो.

दोन गोष्टी एकत्र वाढतात म्हणून एकीमुळे दुसरी वाढते असं होत नाही. २०१३ मध्ये सायकॉलॉजिकल बुलेटिनमध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांचा एक मोठा आढावा आला. कल्पनाखेळामुळे मुलांची भाषा, सर्जनशीलता, बुद्धी, समजूत वाढते असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याच्या पुराव्याची त्यांनी झाडाझडती घेतली. त्यांनी तीन शक्यता मांडल्या: हा खेळ विकासाला अत्यावश्यक आहे, तो अनेक वाटांपैकी एक आहे, किंवा दुसऱ्याच कशाच्या (उदा. गप्पा मारणारे पालक) सोबत तो आपला येतो, स्वतः काही करत नाही. "अत्यावश्यक" म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषेबाबतचे बरेच अभ्यास फक्त सहसंबंध दाखवणारे.

तेव्हा "भातुकली खेळा, मूल बोलेल" हे विधान जरा जपून करावं. शब्दपेरणी यांनी ते केलेलं नाही हे मान्य, पण धागा त्या दिशेला घसरायला लागलाय.

शब्दपेरणी

@तळटीप, तो आढावा मला माहीत आहे आणि आवडतोही. आमच्या क्षेत्रात फुशारकी कमी नाही.

पण प्रश्न दोन आहेत. खेळ आपोआप भाषा वाढवतो का? याचं उत्तर मीही "ठाऊक नाही, बहुधा एकटा नाही" असंच देईन. भाषा देणारं माणूस खेळात बसलेलं असेल तर फायदा होतो का? इथे पुरावा बरा आहे. कॉनी कसारी यांच्या गटाने ३ ते ४ वर्षांच्या ५८ ऑटिस्टिक मुलांचे तीन गट केले. सगळ्यांची नेहमीची थेरपी चालूच होती. एका गटाला शिवाय एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा सराव, दुसऱ्याला प्रतीकात्मक खेळाचा, तिसऱ्याला जादा काही नाही. रोज अर्धा तास, पाच-सहा आठवडे. वर्षभराने पाहिलं तर पहिल्या दोन्ही गटांचं बोलणं तिसऱ्यापेक्षा जास्त वाढलं होतं. हे निष्कर्ष २००८ मधले.

तळटीप

त्याच अभ्यासात, ज्या मुलांची भाषा सुरुवातीला सगळ्यात कमी होती त्यांना मिळून लक्ष देण्याच्या सरावाचा फायदा खेळाच्या सरावापेक्षा जास्त झाला होता. तेही सांगा.

शब्दपेरणी

सांगते की. म्हणूनच ज्याची अजून नजरानजर होत नाही, वस्तू दाखवायला आणत नाही, त्याच्यासमोर मी बाहुलीचं स्वयंपाकघर मांडत नाही. त्याच्याशी फुगे, गुदगुल्या, चेंडू. धागाकर्तीचा मुलगा बोट दाखवतो, सांगितलेलं समजतो, म्हणून ती थेरपिस्ट थेट अस्वलापाशी पोचली असावी. न बघता याहून जास्त बोलणं योग्य नाही.

आजी_ऑनलाइन

माझा धाकटा तीन वर्षांचा होईस्तोवर मुका बसायचा. आज वकिली करतो. हल्ली जरा उशीर झाला की लगेच थेरपी. मुले आपापल्या वेळेला बोलतात.

रिकामटेकडा

आजी, म्हणजे त्याने तीन वर्षं साठवून ठेवलं आणि आता सव्याज वसूल करतोय. (हलके घ्या.)

निळीशाई

आजी, ज्यांची मुलं आपोआप बोलली ते सगळे हे सांगायला हजर असतात. ज्यांची नाही बोलली ते दुसऱ्या धाग्यावर भेटतात.

शब्दपेरणी

@आजी_ऑनलाइन, उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं खरोखर गाठतात, तुमचा अनुभव खोटा नाही. फक्त कुठलं मूल गाठणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही. समजही कमी असेल, हातवारे कमी असतील, घरात कुणाला भाषेची अडचण असेल, तर धोका वाढतो. शिवाय थांबून पदरात काही पडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला पन्नासेक शब्दही नसतील किंवा दोन शब्द जोडता येत नसतील, तर आधी कान तपासा आणि मग स्पीच थेरपिस्टला दाखवा. कान तपासल्याशिवाय पुढचं काहीच नको.

आजी_ऑनलाइन

पटले. पण एक विचारते. आम्ही भातुकली खेळायचो तेव्हा मोठी माणसे आसपासदेखील नसायची. आली तर आम्ही खेळ मोडायचो! भाषा आम्ही एकमेकींशी भांडून शिकलो. "तू काल आई झालीस, आज मी होणार." हे मोठ्या बाईने चटईवर बसून कसे शिकवायचे?

शब्दपेरणी

आजी, हा इथला सगळ्यात चांगला प्रश्न. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या खेळात निम्मा वेळ खेळ ठरवण्यातच जातो: तू कोण, मी कोण, हे घर समजायचं, ती नदी समजायची. समोर नसलेल्याबद्दल बोलायची भाषा तिथेच कसाला लागते, आणि तिथे मोठ्यांनी लुडबुड करूच नये. पण त्या घोळक्यात टिकायला आधी थोडी भाषा लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याला बाकीची मुलं "बाळ" करून कोपऱ्यात झोपवतात, किंवा सोडून पुढे जातात. त्याच्यासाठी थांबणारा भिडू लागतो आणि चार वर्षांचं पोर कुणासाठी थांबत नाही. थेरपिस्ट हा तात्पुरता भिडू. तिला एक ना एक दिवस खेळाबाहेर पडता यायला हवं.

ढगाआड

जरा वेगळी बाजू मांडते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. सुरुवातीला जिथे जायचो तिथे बाहुलीला भरवणं हे "उद्दिष्ट" होतं. हातावर हात धरून चमचा बाहुलीच्या तोंडाला लावायचा, लावला की शाबासकी. तो शिकला. बाहुली दिसली की चमचा लावायचा आणि बक्षिसासाठी मान वर करायचा. फाइलमध्ये टिक झाली. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, मला तर पाहवत नव्हतं. ते खेळणं नव्हतंच, कवायत होती.

आता ज्या बाई आहेत त्या पहिल्या दिवशी त्याच्या गाड्यांच्या रांगेशेजारी चक्क पोटावर आडव्या झाल्या. रांग मोडली नाही. "हे असं नाही, असं" नाही. बऱ्याच वेळाने स्वतःची एक गाडी रांगेच्या शेवटी आणून लावली, "पीं पीं" केलं आणि थांबल्या. त्याने गाडी काढून टाकली. पुन्हा लावली. पुन्हा काढली. पुढे कधीतरी काढली नाही. मग त्या रांगेचा ट्रॅफिक जॅम झाला, हवालदार आला, आणि एक दिवस मुलगा ओरडला, "चलाऽऽ पुढे!" कुणी शिकवलं नव्हतं. मी गाडी चालवताना ओरडते ते.

सांगायचं एवढंच की "खेळ" हे नाव लावलं म्हणून तो खेळ होत नाही. आणि प्रत्येक मुलाला बाहुल्या आवडायलाच हव्यात असंही नाही.

तळटीप

@ढगाआड, उत्तम प्रतिसाद. ऑटिझमच्या चाळणीसाठी जी २० प्रश्नांची एम-चॅट प्रश्नावली वापरतात, तिच्यात मूल खोटं-खोटं खेळतं का असा एक प्रश्न आहे. त्यामुळे पालक आणि काही थेरपिस्टसुद्धा तो एक प्रश्न "पास" करून घ्यायच्या मागे लागतात. त्या प्रश्नावर मुलाला तयार केलं तर कागद बदलतो, मूल नाही.

निळीशाई

"मी गाडी चालवताना ओरडते ते" 😂😂 मुलं नको तेच उचलतात.

मुक्काम_पोस्ट

अवांतर: बोलणाऱ्या खेळण्यांबद्दल कुणी सांगेल का? भाच्याला बटण दाबलं की बोलणारं स्वयंपाकघर भेट आलंय. भांडं ठेवलं की बोलतं, नळ सोडला की गातं. वहिनीला वाटतं याने शब्द वाढतील.

तळटीप

२०१५ मध्ये जामा पेडियाट्रिक्समध्ये अ‍ॅना सोसा यांचा एक छोटा अभ्यास आला होता. १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या. घरीच, तीन तऱ्हांचं साहित्य: आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, साधी खेळणी, पुस्तकं. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांच्या वेळी मोठी माणसं कमी बोलली, देवाणघेवाण कमी झाली. पुस्तकांच्या वेळी सगळ्यात जास्त बोलणं. नमुना लहान आहे, पण निष्कर्ष पटण्यासारखा: खेळणंच बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो.

रिकामटेकडा

उपाय: सेल काढा. "बिघडलंय" म्हणा. बापांची ही परंपरागत विद्या आहे.

खोडरबर

मी बाप आहे आणि माझी अडचण वेगळीच आहे. मला नाटकं जमत नाहीत. बाहुलीचा आवाज काढायचा म्हटलं की घसा बसतो. बायको मात्र एकटीने पाच पात्रं करते. मग मला वाटतं आपण यातून बाहेरच बरे.

पण एक गोष्ट जमली ती सांगतो. मी चुकीचं वागतो. अस्वलाच्या डोक्यात मोजा घालतो. बाहुलीला बुटात झोपवतो, गाडीला पांघरूण घालतो. आणि चेहरा एकदम गंभीर. पोरगी आधी नुसती बघायची, मग "नाहीऽऽ!" यायला लागलं, मग "नाही, पायात!" आता तर "बाबा, वेडा आहेस का, मोजा पायात घालतात" इथवर मजल गेली आहे. अपमान होतो, पण वाक्य मोठं आहे.

शब्दपेरणी

@खोडरबर, तुम्हाला नोकरी देते. हे आम्ही मुद्दाम करतो. ठरलेला क्रम आधी मुलाच्या अंगवळणी पडू द्यायचा आणि मग तो मोडायचा. क्रम मोडला की बोलायला कारण मिळतं. "हे काय आहे?" या प्रश्नात तसं कारण नसतं, कारण विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे हे दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. खेळताना प्रश्न कमी करा, शक्यतो निम्मे. रंग कोणता, किती आहेत, कसा आवाज काढतो, ही तोंडी परीक्षा सुरू झाली की मूल उठून जातं. त्याऐवजी जे चाललंय ते छोट्या वाक्यात बोला.

आवाज काढायची तर गरजच नाही. खेळण्यांचा ढीगही नको. एक बाहुली, एक फडकं, एक वाटी, एक खोकं पुरे. खोकं आज बस, उद्या पलंग.

निळीशाई

बसायचं कुठे हेही महत्त्वाचं. जमिनीवर, त्याच्या समोर, तोंड दिसेल असं. शेजारी बसून मोबाइल बघत "हं, बाहुली झोपली का" हे धरत नाहीत.

मुक्काम_पोस्ट

माझाही एक अनुभव, थोडा सावध करणारा. आमची मुलगी आता सहा वर्षांची, तिला डीएलडी, म्हणजे भाषाविकासाचीच अडचण आहे. बाकी सगळं ठीक, ऐकणं ठीक, भाषा मात्र जड जाते. शंभरात साधारण सात मुलांना असते म्हणतात, आम्ही मात्र नावही ऐकलं नव्हतं. तीन-साडेतीन वर्षांची असताना खेळातून खूप फायदा झाला. ती बोलती झाली. पण पुढे तेवढ्याने भागेना. दुकान-दुकान मजेत खेळायची आणि वाक्यं तशीच मोडकी. मग नव्या थेरपिस्टने रंगीत पट्ट्या घेऊन कुणी, काय केलं, कुठे, असं वाक्य उघडं करून मांडायला शिकवलं. गोष्ट क्रमाने सांगायला शिकवलं. तिथे तिने वेग घेतला. खेळ सुटला नाही, पण काम खेळाबाहेरही करावं लागलं.

शब्दपेरणी

पूर्ण सहमत, आणि यात आणखी एक भर. उच्चारांची अडचण असेल, विशेषतः तोंडाच्या हालचालींची जुळवाजुळवच होत नसेल (ज्याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात), तर ठरावीक शब्द पुष्कळ वेळा म्हणून घ्यावेच लागतात. निवांत भातुकलीत तेवढी आवर्तनं होत नाहीत. तिथे खेळ हा दोन फेऱ्यांमधला विसावा. सगळ्यांना एकच औषध कुणी देत असेल तर विचारा का म्हणून.

गुगली

मधेच विचारतो. घरात दोन भाषा आहेत. खेळताना कुठली वापरायची? कुणीतरी "एकच ठेवा, मूल गोंधळतं" सांगितलंय.

शब्दपेरणी

दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. तुम्ही ज्या भाषेत न अडखळता चिडता, लाड करता, गोष्ट सांगता, त्या भाषेत खेळा. तोडक्या भाषेतला खेळ लवकर संपतो.

कुंपणावरची

बापरे, रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, नवऱ्यालाही वाचायला लावले. खोडरबर यांचा मोजा आमच्याकडे लगेच सुरू झालाय.

पण माझा दुसरा प्रश्न शिल्लक आहे हो. पुढे सरकतंय हे ओळखायचं कसं? मी शब्द मोजायला घेतले तर "मम" आणि "मम्मम" एक धरायचा की दोन, यावरूनच घरात वाद.

शब्दपेरणी

एक धरा. पण फक्त शब्द मोजू नका. मी पालकांना हे बघायला सांगते: तो स्वतःहून किती वेळा सुरुवात करतो (शब्द, खूण, नजर, काहीही चालेल), मागण्याशिवाय कशासाठी बोलतो, म्हणजे नको म्हणणं, दाखवणं, बोलावणं, गंमत करणं, खेळात एक कृती होती तिथे दोन-तीन जोडल्या जातात का, आणि तिथे आलेला शब्द घरी, दुसऱ्या माणसापाशी, दुसऱ्या वस्तूसाठी येतो का. अस्वल "पडलं" आणि चमचा पडल्यावरही "पडलं" आलं, तर तो शब्द त्याचा झाला.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी असते, तिच्या २०२२ च्या आवृत्तीत ३० महिन्यांना "ठोकळा जेवण समजून बाहुलीला भरवणं" अशी नोंद आहे. असल्या याद्या अंदाजापुरत्या घ्या, निकालपत्र म्हणून नाही.

थेरपिस्टकडून दोन गोष्टी मागा. पहिली, येत्या काही महिन्यांची उद्दिष्टं, लेखी आणि साध्या शब्दांत. "भाषा सुधारणे" हे उद्दिष्ट होत नाही. "खेळताना स्वतःहून दोन शब्द जोडणे" हे होतं. दुसरी, आत बसू द्या. काचेबाहेरून तुम्हाला खेळ दिसतो, ती कुठे थांबली आणि का थांबली ते दिसत नाही. २०११ मध्ये मेगन रॉबर्ट्स आणि अ‍ॅन कैझर यांनी पालकांकरवी केलेल्या भाषा-थेरपीचे १८ अभ्यास एकत्र तपासले होते, आणि मुलांच्या समजण्यावर आणि बोलण्यावर दोन्हींवर चांगला परिणाम दिसला. साहजिक आहे, ती आठवड्यातून दीड तास भेटणार, तुम्ही बाकीचा सगळा वेळ. तुम्हाला शिकवणं हा तिच्या कामाचाच भाग आहे.

तळटीप

आणि तिने यातलं काहीच द्यायला नकार दिला, महिनोन् महिने खेळ तोच आणि पायरी तीच राहिली, तर नवऱ्याचं ऐकून दुसरं कुणीतरी बघा. पण फ्लॅशकार्डवालं नको.

ढगाआड

+१. आत बसायला मिळालं की पहिले दोन-तीन वेळा फक्त बघा. आपल्याला फार घाई असते मदत करायची. "सांग ना, सांग बाईंना" हे आपल्या तोंडून कधी निघतं ते कळतही नाही.

कुंपणावरची

आज बोलले तिच्याशी. ती म्हणाली, मीच विचारणार होते, पण तुम्हाला तेवढाच निवांतपणा मिळतो म्हणून गप्प राहिले! पुढच्या वेळेपासून आत. उद्दिष्टं लिहून देणार आहे. सासूबाईंनाही एकदा घेऊन या म्हणाली. त्यांनी "बघू" म्हटलंय, म्हणजे साडी काढून ठेवली असणार.

आता शेवटची शंका. घरी मोठी मुलगी आहे, सात वर्षांची. तिला खेळात घ्यायचं म्हणते, पण तो तोंड उघडायच्या आत ही उत्तर देते. "त्याला ना, पाणी हवंय." "तो ना, दमलाय." हिला गप्प करू की खेळाबाहेर ठेवू?

खोडरबर

पेशंट करा तिला. त्याला डॉक्टर करा.

शब्दपेरणी

झकास. आणि पेशंटच्या तोंडात थर्मामीटर द्या. डॉक्टर "काढ" म्हणेपर्यंत तो काढायचा नाही.